एका हंगामाचं मानधन

हर्षला घरतने पहिल्याच चढाईत तीन गडी बाद केले, तेव्हा फणसळकर साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीवर शेंगा सोलत बसले होते. सोललेला दाणा त्यांच्या बोटांत तसाच राहिला.

"तांडेलबाई, ही कुठून आणलीत?" त्यांनी विचारलं.

पेणच्या खाडीकडच्या एका गावातली आहे, मी सांगितलं. वडील मिठागरावर होते, मिठागर बंद पडलं, आता मिळेल ते काम करतात. गावच्या मंडळाकडून खेळताना मी तिला वडखळला पाहिलं होतं. साहेब आमच्या कारखान्याचे पर्सोनेल मॅनेजर. माणूस सभ्य, आवाज कधी चढवायचे नाहीत. पण त्या वेळी ते माझं ऐकत नव्हते, मैदानाकडे बघत होते.

शहाण्णव सालचा ऑक्टोबर होता. रोह्याच्या आमच्या रंगाच्या कारखान्याने महिलांचा कबड्डी संघ काढून नऊ वर्षं झाली होती. पहिल्या दिवसापासून मार्गदर्शक मीच. त्याआधी चौदा वर्षं मी स्वतः खेळले होते. एवढ्या वर्षांत शेकडो मुली बघितल्या, पण हर्षलासारखी चढाई कोणाची पाहिली नव्हती. एकोणीस वर्षांची, उंचीने बेताची, अंगात फारशी ताकद आहे असं वाटूही नये. मध्यरेषा ओलांडून आत गेली की बाजारात भाजी बघत फिरावं तशी फिरायची. घाई नाही, हूल नाही. समोरच्या मुली कंटाळून अर्धं पाऊल पुढे यायच्या आणि तेवढ्यात हिचा हात लागून ही परत रेषेवर आलेली असायची.

आणखी एक गोष्ट मला दिसली, जी साहेबांना दिसली नाही. परत येताना ती डाव्या पायावर थांबत नव्हती. पाय टेकला की भार लगेच उजव्यावर. बघणाऱ्याला ती चपळाई वाटली असती. माझा स्वतःचा गुडघा एकोणतिसाव्या वर्षी गेला होता. त्याआधीचे सहा महिने मीही अशीच चपळ झाले होते.

चाचणी संपल्यावर ती मैदानामागच्या नळावर पाय धूत होती. मी जवळ गेले. इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "कधीपासून दुखतोय?"

तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "गणपतीपासून. कधी कधी आत काहीतरी सरकल्यासारखं होतं. मग आपोआप बरं होतं."

तिला मी गुडघा दाखवायला लावला. वरून फारसं काही नव्हतं, आतल्या बाजूला थोडी सूज होती, बोट दाबलं की ती ओठ आवळायची. डॉक्टरला दाखवलं नव्हतं. गावातल्या एका बाईकडून लेप आणून लावला होता. बाबांना सांगू नका, एवढंच तिने दोन-तीनदा सांगितलं. तिच्यामागे दोन बहिणी होत्या आणि घरात पैसा आणणारं धड कोणी नव्हतं. हे तिने रडून सांगितलं नाही. नाव, गाव, शिक्षण सांगावं तसं सांगितलं.

दुपारी साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. फक्त आकडा आणि माझी शिफारस लिहायची बाकी होती.

"हे बघा," ते म्हणाले, "खेळाडू कोट्यात एक कायम जागा मंजूर आहे. पगार सगळं धरून साडेतीन हजार, दवाखान्याचा खर्च कंपनीकडे. ती मुलीला देता येईल. किंवा मानधनावर घ्या. बाराशे रुपये महिना, करार वर्षाचा. मग ती आपली कामगार नाही, तिचं दुखलंखुपलं आपल्याकडे नाही. ठाण्याच्या एका बँकेने तिला दिवाळीनंतर बोलावलंय असं कानावर आलंय. मुलगी हातची जाता कामा नये, आणि गरजेपेक्षा जास्त दिलं असंही व्हायला नको. खेळातलं मला कळत नाही. तुम्ही लिहाल त्यावर मी सही करीन."

कायम जागेला काय काय लागतं ते मी विचारलं. दहावीचा दाखला, वयाचा दाखला आणि कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी, ते म्हणाले. आपले डॉक्टर कडक आहेत, हाडं-सांधे सगळं बघतात.

आणखीही थोडं बोलणं झालं. मग चहा आला. विचार करून उद्या लिहून देते, असं म्हणून मी उठले.

दुसऱ्या दिवशी हर्षला वडिलांना घेऊन आली. वडिलांना मी फाटकाजवळच्या बाकावर बसवलं आणि तिला बाजूला नेलं. दोन्ही मार्ग तिच्यापुढे ठेवले. कायम जागेची तपासणी सांगितली. ठाण्याच्या बँकेतही तपासणी होणारच, तेही सांगितलं. यातलं काहीही खोटं नव्हतं.

"तपासणीत सापडेल का?" तिने विचारलं.

"सापडेल."

"मग काय करतील?"

"घरी पाठवतील बहुतेक."

ती फाटकाकडे बघत राहिली. तिचे वडील बाकाच्या अगदी टोकाला बसले होते, पूर्ण बाक मोकळं असून.

"आणि मानधनाला तपासणी नाही?"

"नाही."

"मग मानधनच द्या, ताई."

ती ताई म्हणाली ते मला अजून आठवतं. बाकीच्या मुली मला मॅडम म्हणत.

तिच्या वडिलांना, काशिनाथकाकांना, समजावणं एवढं सोपं गेलं नाही. त्यांना गुडघ्याचं माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांचं बोलणं सरळ होतं. पोर इतकी चांगली खेळली, साहेब उभं राहून टाळ्या वाजवत होते म्हणे, मग पगार एवढाच का, असं त्यांनी विचारलं. पहिलं वर्ष आहे काका, मी म्हटलं, तिचा खेळ बघतील, पुढच्या वर्षी जागेचं बघू.

"मिठागरावर पण आमाला हेच सांगत व्हते," ते म्हणाले. "पुढल्या सालचं."

मग म्हणाले, "तुमी तिच्यासारख्याच खेललेल्या हाव. तुमाला पटतंय ना? मग मी काय बोलनार नाय."

मला पटतंय, असं मी म्हटलं.

आत जाऊन मी साहेबांशी अर्धा तास घासाघीस केली आणि बाराशेचे पंधराशे करून घेतले. शिफारशीत लिहिलं की खेळाडू होतकरू आहे, परंतु अनुभव कमी असल्याने तूर्त कायम जागेसाठी विचार करू नये, एक हंगाम मानधनावर पाहावे. ते तीनशे वाढवून मिळाल्याचा मला इतका आनंद झाला होता की बाहेर येऊन मी काकांना तो आकडा दोनदा सांगितला.

हंगाम सुरू झाला. हर्षलाला कारखान्याजवळ तीन मुलींबरोबर खोली घेऊन दिली. पहाटे सराव, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा सराव. तिच्या गुडघ्याची काळजी मी घेत होते, असं मी तेव्हा समजत होते. बर्फ, पट्टी, तेल, पायऱ्या चढू नको, उकिडवी बसू नको. सरावात तिला पकडीत उतरवत नव्हते, फक्त चढाया करायला लावत होते. बाकीच्या मुली कुरकुरल्या. लाडकी म्हणून चिडवायच्या. तिने कोणाला कारण सांगितलं नाही, मीही नाही.

डिसेंबरात अलिबागला आम्ही जिंकलो, जानेवारीत महाडला जिंकलो. पेपरात तिचा फोटो आला. साहेबांनी तो कापून नोटीस बोर्डावर लावला. पगाराच्या दिवशी ती पंधराशेतले तेराशे घरी पाठवायची. एकदा मी म्हटलं, स्वतःला दूध-अंडी घे, अंगाला लागेल असं काही खा. हो म्हणाली आणि पुढच्या महिन्यातही तेराशेच पाठवले.

फेब्रुवारीत चिपळूणला औद्योगिक गटाची मोठी स्पर्धा होती. आमचा संघ तिथे कधी उपांत्य फेरीच्या पलीकडे गेला नव्हता. या वेळी उपांत्य फेरीपर्यंत सहज पोचलो. पण त्या सामन्याच्या दिवशी सकाळी हर्षलाचा गुडघा सुजलेला होता. पहिल्यांदाच तो लपवता येण्यासारखा नव्हता. तिने खोलीचं दार लोटलं आणि मला दाखवला.

"ताई, आज बसू का मी?"

तिने तेव्हा मला काय विचारलं हे मला तेव्हाच कळलं होतं. चार महिन्यांत तिने एकदाही बसू का असं विचारलं नव्हतं.

"पहिल्या डावापुरती उतर," मी म्हटलं. "आघाडी घेऊ. मग बसवते."

पट्टी मी स्वतः बांधली. पहिल्या डावात आम्हाला सहा गुणांची आघाडी मिळाली, आमच्या गुणांतले आठ तिचे. मध्यंतरात ती पाय लांब करून बसली आणि पाणी प्यायली. माझ्याकडे बघत होती. मी दुसऱ्या डावाची नावं सांगितली, त्यात तिचं नाव घेतलं. ती उठली.

दुसऱ्या डावाच्या चौथ्या मिनिटाला ती चढाईला गेली. कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला, परत फिरायला वळली, आणि खाली बसली. तिला कोणी पकडलं नव्हतं, कोणी धक्काही दिला नव्हता. समोरच्या सातही मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या. ती हातांवर सरकत मध्यरेषेपर्यंत आली, रेषेला बोटं लावली आणि मगच तिचा दम सुटला. पंचाने गुण दिला.

तो सामना आम्ही चार गुणांनी जिंकलो. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना अठरा गुणांनी हरलो.

मुंबईच्या सरकारी इस्पितळात तिला मीच नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तिला बाहेर बसवून मला आत बोलावलं. आतली गादी आधीपासून फाटलेली होती, तो म्हणाला, तेवढं वेळेत दुरुस्त झालं असतं तर मुलगी सहा-आठ महिन्यांनी खेळली असती. तशीच खेळत राहिल्याने आता मुख्य दोरीही तुटली होती आणि हाडाची कड झिजली होती. चालता येईल. पळता येणार नाही. मग त्याने विचारलं, आपण तिच्या कोण? मी म्हटलं, मार्गदर्शक. तो कागदावर लिहू लागला.

ऑपरेशन झालं, तेवढ्यापुरतं झालं. काशिनाथकाकांनी कुठून पैसे उभे केले ते मी विचारलं नाही. कंपनीकडे मी अर्ज केला. साहेबांनी तो मन लावून वाचला. वाईट वाटतं बाई, ते म्हणाले, पण ती आपली कामगार नाही, कागदच तसा आहे. सहानुभूती म्हणून दोन महिन्यांचं मानधन मंजूर झालं. तीन हजारांचं ते पाकीट घेऊन मी तिच्या गावी गेले. घरात काका नव्हते. हर्षला खाटेवर होती. तिने पाकीट घेतलं, न उघडता उशाखाली ठेवलं आणि मला विचारलं की अंतिम सामन्यात तिच्या जागी कोण उतरलं होतं. मी नाव सांगितलं. "ती हूल फार देते," ती म्हणाली. आईने चहा केला, तो मी प्यायले. एस.टी. साडेपाचला होती.

एप्रिलच्या सात तारखेला मला एक पत्र मिळालं. साहेबांच्या खोलीत त्या दुपारी जे आणखी थोडं बोलणं झालं म्हटलं, ते इथे सांगायला हवं.

मी तेव्हा नऊ वर्षं करारावर होते. दर मार्चला माझी फाइल साहेबांच्या टेबलावर जायची आणि दर मार्चला पंधरा दिवस मला जेवण जायचं नाही. घरात दम्याची आई होती, भाड्याच्या दोन खोल्या होत्या, माझं वय अडतीस होतं आणि एक गुडघा कामातून गेलेला. तपासणीचं सांगून झाल्यावर साहेब पेन खाली ठेवत म्हणाले होते, "त्या जागेवर खेळाडू घेतला नाही, तर वर्षअखेरीस ती मार्गदर्शकाच्या नावावर वळवता येते. मी काही सुचवत नाही, बाई. फक्त नियम सांगतो."

मी चहा प्यायले होते आणि विचार करून लिहिते म्हणाले होते.

त्या दिवसापासून मी हर्षलाच्या गुडघ्याआड उभी राहिले. मी तिला तपासणीपासून वाचवलं, तिनेच मानधन मागितलं, मी तिला तीनशे वाढवून दिले. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. गुडघा धड असता तर मी ती जागा तिला दिली असती का, हे मी स्वतःला विचारलं आहे. उत्तर दर वेळी वेगळं येतं. कंपनीच्या डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं असतं की तिच्यावर उपचार केले असते, तेही आता कोणी सांगू शकणार नाही. मात्र तिला कायम करायचं म्हणून मी लिहिलं असतं, तर एका डॉक्टरने तो गुडघा ऑक्टोबरात पाहिला असता. आणि माझ्याजवळ तिच्यासाठी आणखी एक वाक्य होतं, जे मी त्या फाटकाजवळ बोलले नाही. "आधी इलाज कर, मग खेळ. मी थांबते तुझ्यासाठी."

सात तारखेच्या पत्रात मला क्रीडा सहायक म्हणून कायम केल्याचं लिहिलं होतं. आईने देवापुढे साखर ठेवली. पुढची वीस वर्षं मी त्या खुर्चीवर बसले, दोन बढत्या घेतल्या, निवृत्त झाले. आईचा शेवटपर्यंतचा सगळा औषधपाण्याचा खर्च कंपनीच्या दवाखान्याने केला.

दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आधी महिनाभर, मी पेणला गेले. हर्षला तिथल्या एका गणपतीच्या कारखान्यात काम करते असं जुन्या संघातल्या एका मुलीने सांगितलं होतं. लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना फळ्यांवर पांढऱ्या मूर्ती, ओल्या रंगाचा वास. रंगाच्या कारखान्यात माझा जन्म गेला, तो वास मला ओळखीचा. ती शेडच्या टोकाला उंच स्टुलावर बसली होती, डावा पाय समोरच्या खोक्यावर सरळ ठेवून. डोळ्यांची आखणी करत होती. तिथे त्या कामाला सगळ्यात पक्का हात लागतो.

मला तिने लगेच ओळखलं. या ताई, बसा म्हणाली. तिचे केस पुढून पिकले होते. लग्न झालं नव्हतं. दोन्ही बहिणींची झाली होती, तिने करून दिली होती. काका जाऊन अकरा वर्षं झाली होती. हे सगळं तिने एका मूर्तीचा डावा डोळा पुरा करेपर्यंत सांगितलं. माझी चौकशी केली. पेन्शन मिळते का विचारलं. खासगी कारखाना, थोडीशीच मिळते, मी म्हटलं.

मग मी म्हटलं, "हर्षला, मी तुला काहीतरी सांगायला आले आहे. तुझ्या मानधनाचं जे मी तेव्हा ठरवलं..."

तिने कुंचला थांबवला, पण पाण्यात बुडवला नाही. तो हातातच धरून माझ्याकडे बघितलं.

"त्या जागेवर तुम्ही लागलात, ते मला त्याच वर्षी कळलं," ती म्हणाली. "मुली आल्या होत्या भेटायला. त्यांनी सांगितलं."

"तुझ्या वडिलांना..."

"बाबांना नाही सांगितलं मी. ते तुम्हाला फार मानायचे."

शेडच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी पंखा लावला. तिने आधी मूर्तीपुढे हात आडवा धरला, धूळ बसू नये म्हणून. पंख्याची दिशा बदलल्यावर हात काढला.

"तुम्ही सांगितलंत तर तुम्हाला बरं वाटेल," ती म्हणाली. "मला जे वाटायचं ते माझं वाटून झालंय, एकटीचं. आता तुमचं माझ्याकडे ठेवू नका, ताई."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी खाली मान घालून ऐकून घेतला असता, त्याची तयारी करूनच मी एस.टी.त बसले होते.

"बसायचं तर बसा," ती म्हणाली. "मला आज सतरा आखायचे आहेत."

आणि ती उजव्या डोळ्याकडे वळली. मी बसले. जेवणाची सुट्टी होईपर्यंत तिने चार मूर्ती केल्या, एकदाही हात हलला नाही. सुट्टी झाल्यावर सगळ्या बायका डबे घेऊन एका बाजूला गेल्या. हर्षला स्टुलावरून उतरली, आधी उजवा पाय, मग दोन्ही हातांनी उचलून डावा, आणि भिंतीला धरत त्यांच्यात जाऊन बसली. कोणीतरी तिच्यासाठी जागा करून दिली.

थोडा वेळ मी तिथेच उभी होते. मग बाहेर पडून स्टँडचा रस्ता धरला.